बांधणी यंत्राची, जबाबदारी माणसाची

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्वयंसेवकांची वार्षिक परिषद भरली होती. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स तिथे प्रश्नोत्तरांसाठी आले आणि त्यांनी एक तक्रार मांडली. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना आपल्या प्रत्येक बुडीची नोंद ठेवता यावी म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘सबसर्फेस’ नावाचे सॉफ्टवेअर तयार केले होते. विंडोज आणि मॅकसाठी त्याची तयार फाईल देता येत होती. लिनक्ससाठी मात्र ती देण्याचा नाद त्यांनी जवळपास सोडला होता, कारण डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा प्रत्येक डिस्ट्रोसाठी, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक अवतारासाठी, ती वेगळी बांधावी लागे. ज्याने लिनक्स घडवले, त्यालाच आपले छोटेसे सॉफ्टवेअर लिनक्स वापरणाऱ्यांच्या हाती देता येत नव्हते.

या अडचणीवर पुढच्या दहा वर्षांत एक उत्तर रुजले: सॉफ्टवेअरला जे जे लागते ते सगळे त्याच्यासोबतच बांधून द्यायचे आणि ही बांधणी माणसाने हाताने न करता यंत्राने आपोआप करायची. हे उत्तर योग्य आहे. पण ते स्वीकारले की आत काय भरले आहे याची जबाबदारी बांधणाऱ्याच्या अंगावर येते, आणि ती अजून पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही. बँका, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याच्या बाबतीत ही ढिलाई परवडणारी नाही.

कोणताही प्रोग्रॅम एकट्याने चालत नाही. फोटो उघडणे, फाईल दाबून लहान करणे, पासवर्ड कूटबद्ध करणे अशी कामे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडकडून करून घेतली जातात. या तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात आणि प्रोग्रॅमला लागणाऱ्या अशा गोष्टींना डिपेंडन्सी. मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातले उदाहरण घ्यायचे तर हार्फबझ नावाच्या लायब्ररीचे घेता येईल. ‘क्ष’ किंवा ‘स्त्री’ जोडून दाखवणे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणून बसवणे, ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र नीट काढणे ही कामे ती करते. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सगळ्यांमध्ये तीच आहे. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे जुळवणारा असा भाग नसला, की जोडाक्षरे फुटतात आणि पडद्यावर पाय मोडलेली मराठी दिसते.

लिनक्सच्या जगात परंपरेने अशा लायब्रऱ्या संगणकावर एकदाच बसवल्या जात आणि सगळे प्रोग्रॅम त्या सामाईक वापरत. यात जागा वाचायची, मेमरी वाचायची आणि सुरक्षाही सांभाळली जायची. मार्च २००२ मध्ये झेडलिब या फाईल दाबणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला. ज्या प्रोग्रॅमनी सामाईक झेडलिब वापरली होती, ते एका अपडेटने सुरक्षित झाले. ज्यांनी तिची प्रत स्वतःच्या पोटात घेतली होती, ते एकेक शोधून काढून नव्याने बांधावे लागले. ही आठवण पुढच्या सगळ्या वादात महत्त्वाची आहे.

सामाईक व्यवस्थेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका प्रोग्रॅमला लायब्ररीची नवी आवृत्ती हवी असते आणि दुसरा जुनीवरच चालतो. एक बसवला की दुसरा मोडतो. विंडोज वापरणाऱ्यांनी १९९०च्या दशकात हा त्रास इतका सोसला की त्याला ‘डीएलएल हेल’ असे नावच पडले. लिनक्सवर प्रत्येक डिस्ट्रो आपापल्या आवृत्त्या ठरवते, त्यामुळे एका ठिकाणी बांधलेला प्रोग्रॅम दुसरीकडे चालेलच याची हमी नसते. टॉरवाल्ड्स यांची तक्रार हीच होती.

प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घ्यावी, तसे सगळे सोबत घेणारे सॉफ्टवेअर ही याची सरळ सोडवणूक. सायमन पीटर यांनी २००४ मध्ये ‘क्लिक’ नावाच्या प्रकल्पातून याची सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे ‘ॲपइमेज’ आले. एक सॉफ्टवेअर म्हणजे एक फाईल. ती उतरवायची, चालवण्याची परवानगी द्यायची, डबल क्लिक करायचे. बसवण्याची भानगड नाही, ॲडमिनचा पासवर्ड नाही. नको असेल तर फाईल पुसून टाकायची. सर्व्हरच्या जगात २०१३ मध्ये डॉकर आले, डेस्कटॉपवर पुढे स्नॅप आणि फ्लॅटपॅक आले. अँड्रॉइड फोनवरचे ॲपही लागणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या आपल्यासोबतच घेऊन येते. सबसर्फेसही कालांतराने ॲपइमेजच्या रूपात मिळू लागले.

ज्यांच्याकडे इंटरनेट भरवशाचे नाही, त्यांना याचा सर्वात मोठा फायदा होतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत आणि ते इंटरनेटशिवायही पाहता यावेत अशी सोय ठेवली आहे. धडा मराठीत मिळतो, पण ज्या सॉफ्टवेअरचा धडा आहे ते प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर बसवताना दहा लायब्रऱ्या इंटरनेटवरून ओढाव्या लागल्या तर तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक तिथेच अडकतो. पेन ड्राइव्हवरून आणलेली एकच फाईल उघडली आणि काम सुरू झाले, तर त्याच धड्याची किंमत कितीतरी वाढते.

आता ही फाईल तयार कशी होते ते पाहायला हवे, कारण चांगले-वाईट सगळे तिथेच ठरते.

आधी बांधणीसाठी लिनक्सची मुद्दाम जुनी, पण अजून अपडेट मिळत असलेली आवृत्ती निवडतात. याचे कारण जीलिबसी ही लिनक्सच्या तळाशी असलेली लायब्ररी. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर बहुधा चालत नाही. मग प्रोग्रॅम कोणत्या लायब्रऱ्या मागतो, त्या पुढे कोणत्या मागतात, अशी साखळी शेवटपर्यंत शोधली जाते. सापडलेल्या लायब्रऱ्या एका फोल्डरमध्ये गोळा करून प्रोग्रॅमला सांगितले जाते की यापुढे त्या इथेच शोध. काही गोष्टी जाणूनबुजून वगळाव्या लागतात. जीलिबसी स्वतः आणि ग्राफिक्स कार्डाशी बोलणाऱ्या लायब्रऱ्या ज्या त्या संगणकाच्याच वापराव्या लागतात. त्या सोबत नेल्या तर प्रोग्रॅम अनेकदा सुरूच होत नाही. शेवटी सगळे फोल्डर दाबून एक फाईल बनते आणि तिच्या डोक्याशी ती उघडणारा छोटासा प्रोग्रॅम चिकटवला जातो.

हे सगळे अनुभवी माणूस हाताने करू शकतो. तीन महिन्यांनी, नवी आवृत्ती आली की, तेच तसेच पुन्हा करणे त्याला जमत नाही. त्याच्या लॅपटॉपवर मधल्या काळात दुसरे काही बसलेले असते. एक लायब्ररी त्याच्या संगणकावर आधीपासून होती म्हणून ती फाईलमध्ये घ्यायची राहून जाते, आणि त्याच्याकडे व्यवस्थित चालणारे सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे उघडतच नाही. ‘माझ्या मशीनवर तर चालते’ हे वाक्य प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत ऐकू येते, ते यामुळेच.

म्हणून बांधणीच्या पायऱ्या एका फाईलमध्ये लिहून ठेवतात आणि ती फाईल कोडसोबतच जपतात. कोडमध्ये बदल झाला की सर्व्हरवर एक कोरा, रिकामा आभासी संगणक उभा राहतो, लिहिलेल्या पायऱ्या क्रमाने करतो, चाचण्या चालवतो, तयार फाईल बाहेर ठेवतो आणि नाहीसा होतो. पुढच्या वेळी पुन्हा कोरा संगणक. जे लिहिलेले नाही ते तिथे नसतेच; त्यामुळे विसरलेली लायब्ररी ग्राहकाकडे जाण्याआधी पकडली जाते. गिटहब ॲक्शन्ससारख्या सेवांनी ही सोय छोट्या प्रकल्पांनाही फुकटात दिली आहे. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याचा प्रकल्पही आज मोठ्या कंपनीच्या शिस्तीने बांधला जाऊ शकतो, हे या काळाचे मोठेच देणे आहे.

पण आपोआप होणारी बांधणी बाहेरच्या गोष्टी दर वेळी इंटरनेटवरून आणत असेल, तर ती कोणाच्या तरी मर्जीवर चालते. २२ मार्च २०१६ रोजी जावास्क्रिप्टच्या जगाला हे कळले. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, एनपीएम या भांडाराने ते नाव एका कंपनीला दिले आणि नाराज झालेल्या अझेर कोचुलू यांनी आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होते. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणारा, अवघ्या ११ ओळींचा कोड. तो नाहीसा होताच बॅबेलसारखी, हजारो प्रकल्प ज्यावर उभे होते अशी साधने बांधता येईनात. साधारण दोन तासांनी एनपीएमने ते पॅकेज स्वतःहून परत ठेवले आणि पुढे काढून घेण्याचे नियम कडक केले.

यातून घ्यायचा धडा अनेक भाषांच्या साधनांनी घेतला. आता बांधणीच्या वेळी प्रत्येक डिपेंडन्सीची नेमकी आवृत्ती आणि तिचा हॅश, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा, नोंदवून ठेवता येतो. फ्लॅटपॅकची सॉफ्टवेअरे जिथून मिळतात त्या फ्लॅटहबवर तर सगळा माल आधी उतरवून, हॅश तपासून घेतला जातो आणि प्रत्यक्ष बांधणी चालू असताना इंटरनेट बंद असते. अशी शिस्त असली, की आज बांधलेले उद्याही बांधता येते.

इथवर सगळे लाभाचे. आता किंमत.

सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने क्रोमसाठी तातडीचे अपडेट काढले. वेबपी प्रकारचे चित्र उघडताना मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिले जाईल असा दोष सापडला होता, आणि हल्लेखोर तो आधीच वापरत होते. सुरुवातीला तो क्रोमचा दोष म्हणून नोंदला गेला. प्रत्यक्षात तो लिबवेबपी या लायब्ररीत होता आणि ती लायब्ररी कुठे नव्हती? फायरफॉक्समध्ये होती. स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नलची डेस्कटॉप आवृत्ती अशी अनेक सॉफ्टवेअरे इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर बांधली जातात आणि इलेक्ट्रॉन म्हणजे पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर. प्रत्येकाच्या पोटात लिबवेबपीची स्वतःची प्रत होती. संगणकाची सामाईक लायब्ररी दुरुस्त करून यातली एकही प्रत दुरुस्त होणार नव्हती. प्रत्येक कंपनीने नवी आवृत्ती बांधायची, प्रत्येक ग्राहकाने ती उतरवायची, तेव्हा कुठे दार बंद होणार. झेडलिबच्या वेळी जे थोड्या प्रोग्रॅमांच्या वाट्याला आले होते, ते आता सगळ्यांच्या वाट्याला आले.

त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, लॉगफोरजे प्रकरणाने हेच अधिक कठोरपणे दाखवले होते. जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमांच्या घडामोडींची नोंद ठेवणारी ही लायब्ररी. तिच्यातला दोष अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकाने नोव्हेंबरमध्ये कळवला होता. एक विशिष्ट मजकूर नोंदीत गेला की दूरवरचा हल्लेखोर सर्व्हर ताब्यात घेऊ शके. जावाचे प्रोग्रॅम जार नावाच्या फाईलमध्ये बांधले जातात. एका जारच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. गुगलच्या अभ्यासगटाने पाहिले तेव्हा जावाच्या मुख्य भांडारातली ३५ हजारांहून अधिक पॅकेजे बाधित निघाली, आणि त्यातली बहुतेक थेट नव्हे तर अनेक पायऱ्या आत दडलेल्या डिपेंडन्सीमुळे. कंपन्यांचे पहिले काही दिवस दुरुस्तीत गेलेच नाहीत. आपल्याकडे ही लायब्ररी आहे की नाही, हे शोधण्यातच गेले. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाच्या जुलै २०२२ च्या अहवालानुसार तिथल्या एकट्या एका संघीय खात्याने या प्रकरणावर ३३,००० तास खर्च केले.

सामाईक लायब्रऱ्यांचे जुने पुरस्कर्ते याच भीतीने बांधून देण्याला विरोध करत होते, आणि त्यांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नव्हते. फेडोराने तर अशा प्रती पोटात घेण्यावर वर्षानुवर्षे बंदी ठेवली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती सैल करताना फेडोराने घातलेली अट सगळ्यांनी उचलावी अशी आहे: लायब्ररी पोटात घ्यायची असेल तर घ्या, पण तिचे नाव आणि आवृत्ती पॅकेजवर जाहीर लिहा. उद्या त्या लायब्ररीत दोष निघाला तर एका शोधात सगळी बाधित पॅकेजे सापडली पाहिजेत. पुण्यात ज्या कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र आहे, ती रेड हॅट फेडोराला आधार देते. त्यामुळे पुण्यातल्या अनेक अभियंत्यांना हा नियम रोजच्या कामातून ठाऊक असेल.

फेडोराने जे एका ओळीत मागितले, त्याचे विस्तृत रूप म्हणजे सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरिअल्स, थोडक्यात एसबीओएम. आत कोणकोणते घटक आहेत, कोणत्या आवृत्तीचे आहेत, कुठून आले, याची यंत्राला वाचता येईल अशी यादी. ही यादी हाताने भरायला सांगितली तर ती पहिल्याच महिन्यात शिळी होते. ज्या यंत्राने फाईल बांधली त्यानेच त्याच क्षणी यादी लिहिली, तरच ती खरी राहते. स्वयंचलित बांधणीचा सर्वात मोठा लाभ वेगाचा मानला जातो; वास्तविक तो या यादीचा आहे. दुसरा लाभ असा की कोडमध्ये एक ओळही बदलली नाही तरी लायब्ररीची दुरुस्ती आली की नवी फाईल आपोआप बांधता येते. डिपेंडाबॉटसारखे बॉट नवी आवृत्ती आल्याची खबर घेऊन येतात, बदल सुचवतात, चाचण्या चालतात, माणसाने पाहून होकार द्यायचा. ज्याने सगळे सोबत बांधून दिले आहे, त्याने ही यंत्रणा ठेवलीच पाहिजे. ती नसेल तर बांधून देण्याचा अधिकार त्याला नाही.

मात्र बांधणारे यंत्रच शत्रूच्या ताब्यात गेले तर? डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेले सोलरविंड्स प्रकरण तेच होते. हल्लेखोरांनी या कंपनीच्या बांधणीच्या सर्व्हरवर एक पाळतखोर प्रोग्रॅम पेरला. ‘ओरायन’ या तिच्या सॉफ्टवेअरची बांधणी सुरू झाली की तो एक मूळ फाईल बदलून आपली फाईल ठेवी आणि बांधणी संपली की मूळ फाईल जागेवर परत. प्रोग्रॅमरना आपल्या कोडमध्ये काहीच वावगे दिसत नव्हते. तयार अपडेटवर कंपनीची अधिकृत डिजिटल सही होती. ते सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचले, आणि त्यात अमेरिकी सरकारची खातीही होती. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या बांधणीत वापरले जाणारे ‘टीजे-ॲक्शन्स’चे एक साधन बिघडवले गेले आणि ते २३ हजारांहून अधिक प्रकल्पांत वापरात होते. अनेकांनी त्याची आवृत्ती केवळ नावाने बांधून ठेवली होती. हल्लेखोराने ते नावच दुसऱ्या कोडकडे वळवले. ज्यांनी हॅश नोंदवला होता ते बहुतांशी वाचले.

आणि मार्च २०२४ मधले एक्सझेड. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते पोस्टग्रेस या डेटाबेसची गती मोजत होते. दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले आणि त्यांनी माग काढला. एक्सझेड या फाईल दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनीसाचे काम करून प्रकल्पात स्थान मिळवले होते. या प्रकरणातला एक तपशील बांधणीच्या चर्चेत सर्वात महत्त्वाचा. चोरदरवाजा उघडणारी ओळ गिटहबवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती. ती होती हाताने तयार करून प्रसिद्ध केलेल्या दाबलेल्या फाईलमध्ये. डिस्ट्रो बांधणीसाठी तीच फाईल घेत. उघड कोड आणि प्रत्यक्ष बांधला जाणारा कोड यांच्यात माणसाचा हात शिरला आणि नेमकी तिथेच फट पडली.

ही फट बुजवण्याचा मार्ग माहीत आहे. त्याला रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात: तोच कोड, तीच साधने घेऊन कोणीही, कुठेही बांधणी केली तरी फाईल शेवटच्या बिटपर्यंत तीच यायला हवी. मग कंपनीने दिलेली फाईल आणि त्रयस्थाने बांधलेली फाईल यांचे हॅश जुळले की मध्ये काही मिसळले गेले नाही, असे म्हणता येते. सोलरविंड्ससारखा हल्ला अशा तुलनेत पकडला जातो. ऐकायला हे साधे वाटते, पण बांधणीची तारीख-वेळ फाईलमध्ये उमटते, फोल्डरमधल्या फायलींचा क्रम संगणकागणिक बदलतो, बांधणाऱ्याच्या फोल्डरचे नाव आत शिरते, आणि दर वेळी फाईल वेगळी येते. अशी एकेक कारणे शोधून काढावी लागतात.

संगणकशास्त्रज्ञ केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले होते की कोड कितीही निर्मळ असला तरी तो बांधणारा कंपायलर बिघडवला तर चोरदरवाजा निघतोच, आणि तो कोडमध्ये दिसत नाही. बराच काळ हा इशारा विद्वत्तेचा विषय राहिला. आता त्यावर प्रत्यक्ष काम उभे आहे. टॉर ब्राउझरच्या गटाने आणि डेबियनने २०१३ पासून हा विषय धरला. डेबियनच्या चाचण्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पॅकेजे तंतोतंत तशीच पुन्हा बांधता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या गो भाषेच्या १.२१ या आवृत्तीची साधने कोणालाही बिट-न-बिट तशीच बांधून पडताळता येतात. ग्विक्स या प्रकल्पाने त्याच वर्षी अवघ्या ३५७ बाइटच्या एका प्रोग्रॅमपासून सुरुवात करून कंपायलरसकट सारी इमारत मूळ कोडपासून उभी करून दाखवली. यातले बरेचसे काम स्वयंसेवकांनी केले आहे. त्यांना जमले ते कोट्यवधींची कंत्राटे घेणाऱ्यांना जमत नाही, ही सबब आता चालू देऊ नये.

नियम यायला लागले आहेत. अमेरिकेने मे २०२१ च्या अध्यक्षीय आदेशात सरकारी खरेदीसाठी घटकांच्या यादीचा विषय आणला. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला आणि त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक होतील. युरोपात डिजिटल उत्पादने विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही त्या पाळाव्या लागतील. भारतात सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा आराखड्यात आपल्या अखत्यारीतल्या संस्थांकडे एसबीओएम मागितले. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जुलै २०२५ मध्ये ती विस्तारली. ही पावले योग्य दिशेची आहेत. उणीव राहते ती अशी की यादी मागितली जाते, पण यादी कशी तयार झाली आणि दिलेली फाईल खरोखर त्या कोडपासून बांधली का, हे विचारले जात नाही. कागदावर भरलेली यादी कागदापुरतीच राहील.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. एवढे सगळे छोट्या प्रकल्पांवर, फुकट काम करणाऱ्यांवर लादले तर ते कामच सोडतील. एक्सझेड वर्षानुवर्षे मुख्यतः एकट्या लासे कॉलिन यांच्या खांद्यावर होते. ते थकले होते आणि तीच संधी साधली गेली. म्हणून ओझे योग्य जागी टाकले पाहिजे. लायब्ररी लिहून जगाला मोफत देणाऱ्यावर अटी घालण्याचा कोणालाच हक्क नाही. तिची प्रत आपल्या उत्पादनात बांधून जो ते विकतो, जबाबदारी त्याची. आणि त्या उत्पादनातून जो नफा कमावतो, त्याने त्यातला वाटा अशा लायब्रऱ्या सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचवावा. यादी हाती असली, की कोणाचे देणे आहे हेही तिथेच दिसते.

सामान्य वाचकाने हॅश तपासत बसावे, अशी अपेक्षा नाही. पण तो नागरिक आहे, सहकारी बँकेचा सभासद आहे, शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असू शकतो, नगरपालिकेला कर भरतो. या संस्था सॉफ्टवेअर घेतात तेव्हा विकणाऱ्याला चार प्रश्न विचारले जावेत, असा आग्रह तो धरू शकतो. फाईल कोऱ्या यंत्रावर, लिहून ठेवलेल्या पायऱ्यांनी बांधली जाते की कोणाच्या तरी लॅपटॉपवर? आतल्या घटकांची यादी बांधणीतूनच निघते का, आणि प्रत्येक आवृत्तीसोबत मिळते का? आतल्या एखाद्या लायब्ररीत दोष निघाला तर किती दिवसांत नवी फाईल मिळेल? आणि त्रयस्थाला तोच कोड बांधून तीच फाईल मिळते का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आजच मिळायला हवीत. त्यासाठी लागणारी साधने उपलब्ध आहेत आणि बहुतेक मोफत आहेत. चौथ्याला थोडा वेळ द्यावा लागेल, पण मुदत ठरवून. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, त्याची पुढची पायरी हीच आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या सहकारी बँकांनी सॉफ्टवेअरच्या पुढच्या निविदेत या चार अटी लिहाव्यात आणि उत्तर न देणाऱ्याची निविदा उघडू नये.